त्यागाची किंमत कोणी दिली?

परदेशगमन हा विषय कादंबरीला नेहमीच मानवलेला आहे. घर सोडून निघालेला तरुण, अनोळखी शहर, नव्या ओळखी, नवी पुस्तके आणि शेवटी परतीचा प्रश्न, एवढी सामग्री हाताशी असली की साधारण कुवतीच्या लेखकालाही कथानक उभे करता येते. मात्र या सोयीमुळेच असल्या कादंबऱ्यांचा एक साचा बनून जातो. मुलगा बिघडेल की सुधारेल, आपला राहील की परका होईल, एवढ्याच प्रश्नाभोवती त्या घोटाळत राहतात. सौदी अरेबियातील कादंबरीचा तर आरंभच या प्रश्नातून झाला. अब्दुल कुद्दूस अल्-अन्सारी यांची १९३० साली दमास्कसला प्रसिद्ध झालेली ‘अत्-तौअमान’, म्हणजे ‘जुळे भाऊ’, ही त्या देशातील पहिली कादंबरी मानली जाते. एक भाऊ देशी शाळेत जातो, दुसरा परकी शाळेत. पहिल्याचे कल्याण होते, दुसऱ्याचा अधःपात. कीर्तनाच्या उत्तररंगात शोभावे असे हे आख्यान आहे. त्यात माणसे नाहीत, दोन दृष्टान्त आहेत.

त्यानंतरच्या तीन कादंबऱ्यांचा विचार येथे करावयाचा आहे. एक १९५९ सालची, दुसरी १९९४ सालची, तिसरी २००५ सालची. तिन्हींत शिकण्यासाठी घर सोडलेला तरुण आहे आणि तिन्हींत प्रेमाचा व लग्नाचा पेच आहे. स्वतंत्रपणे वाचल्यास त्या तीन पिढ्यांच्या तीन कथा वाटतात. एकामागून एक वाचल्या असता मात्र मनात एक प्रश्न उरतो. परदेशी गेलेल्याने काय मिळविले आणि काय गमावले याचा हिशेब आपण नेहमी मांडतो; पण जी माणसे त्याची वाट पाहत घरी राहिली, त्यांच्या खाती काय खर्ची पडले?

हामिद दमनहूरी यांच्या ‘समन अत्-तद्हिया’ या कादंबरीचे नावच ‘त्यागाची किंमत’ असे आहे. कलात्मक अर्थाने सौदी कादंबरीची सुरुवात येथून झाली असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते रास्त आहे. नायक अहमद हा मक्केचा. चुलत बहीण फातिमा हिच्याशी त्याचे लग्न ठरलेले आहे. वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो कैरोला जातो. तेथे फाइझा नावाच्या एका सुशिक्षित ईजिप्शियन मुलीची ओळख होते. ओळखीचे रूपांतर प्रेमात होते. पुस्तकांविषयी, विचारांविषयी जिच्याशी बरोबरीने बोलता यावे अशी स्त्री त्याला प्रथमच भेटलेली असते. अखेर तो मन आवरतो, मक्केला परततो आणि दिलेला शब्द पाळतो.

या कादंबरीचा मोठा गुण म्हणजे तिचा संयम. ‘जुळे भाऊ’मधील परके शहर हे पापाचे आगर होते. दमनहूरी स्वतः ईजिप्तमध्ये शिकलेले असल्यामुळे त्यांचे कैरो हे माणसांचे शहर आहे. फाइझा ही मोहिनी नाही. ती सुसंस्कृत घरातील विचारी मुलगी आहे. त्यामुळे अहमदचा पेच चांगले आणि वाईट यांमधला राहत नाही, दोन चांगल्या गोष्टींमधला होतो. उपदेशकथेची कादंबरी होते ती नेमकी या ठिकाणी.

आणि तरीही वाचून झाल्यावर एक रुखरुख लागते. त्याग कोणाचा, हे लेखकाने गृहीतच धरले आहे: अहमदचा. प्रेम त्याने सोडले, मनाजोगी सहचरी त्याने गमावली, म्हणून किंमतही त्यानेच दिली. पण फातिमाचे काय? आपला नवरा कर्तव्य म्हणून आपल्याकडे परतला आहे, त्याचे मन दुसऱ्या शहरात राहिले आहे, हे सत्य घेऊन जिला उभा जन्म संसार करावयाचा आहे, तिच्या मनात लेखक शिरत नाही. ती वाट पाहते, एवढेच आपल्याला ठाऊक होते. ज्या शिक्षणाच्या अभावामुळे ती अहमदला अपुरी वाटते, तो अभाव तिने काही हौसेने पत्करलेला नव्हता. त्या देशात मुलींसाठी सरकारी शाळाच नव्हत्या. योगायोग असा, की जे साल कादंबरीच्या मुखपृष्ठावर आहे त्याच साली, १९५९च्या ऑक्टोबरात, राजे सऊद यांनी मुलींच्या शाळा काढण्याची घोषणा केली आणि १९६० पासून त्या उघडू लागल्या. अहमदच्या दुःखावरचा उपाय त्याच्याच देशात, त्याच वर्षी जाहीर झाला. फातिमाला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. शिकलेला नवरा आणि न शिकलेली बायको या जोडीने आपल्या एकोणिसाव्या शतकातील घरेच्या घरे ढवळून काढली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीला घरात शिकविले आणि रमाबाईंनी पुढे त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. आनंदीबाई जोशी तर स्वतःच समुद्र ओलांडून गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी मिळवून आल्या. पण साहित्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे हरिभाऊ आपट्यांनी १८९०च्या सुमारास ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापताना कथा सांगण्याचा अधिकारच यमूच्या हाती दिला. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून तिचा जमाखर्च मांडला. दमनहूरींना हे सुचले असते तर त्यांच्या कादंबरीचे नाव तेच राहिले असते, अर्थ मात्र दुप्पट झाला असता.

दुसरी कादंबरी गाझी अल्-गुसैबी यांची ‘शिक्कत अल्-हुर्रिया’, म्हणजे ‘स्वातंत्र्य नावाचे बिऱ्हाड’. अल्-गुसैबी यांचा जन्म १९४०चा, हुफूफचा. बालपण बहरैनमध्ये गेले आणि कायद्याची पदवी त्यांनी कैरो विद्यापीठातून १९६१ साली घेतली. कादंबरीचा नायक फुआद हा बहरैनचा असला तरी त्याच्या मागे उभा असलेला विद्यार्थी कोण, हे ओळखण्यास फार चतुराई लागत नाही. सोळा वर्षांचा फुआद १९५६ साली कैरोला येतो. काही दिवसांनी तो आणि त्याचे मित्र मिळून एक बिऱ्हाड भाड्याने घेतात आणि त्याला स्वातंत्र्याचे नाव देतात. सुएझ कालव्याचा संघर्ष, १९५८ मधील ईजिप्त व सीरिया यांचे एकीकरण, १९६१ मध्ये त्याची झालेली फाटाफूट, हा सारा काळ त्या बिऱ्हाडाच्या खिडकीखालून जातो.

येथे वाचन हा कथेचा खरा नायक आहे असे म्हणावेसे वाटते. फुआद नासेरच्या भाषणांनी भारावतो, बाथ पक्षाच्या विचाराकडे ओढला जातो, लघुकथा लिहू लागतो. याकूब मार्क्सवादाकडे वळतो. कासिम हा धनिकाचा मुलगा. त्याला या सगळ्या क्रांतीचा तिटकारा आहे. अब्दुल करीम शियापंथी घराण्यातला, त्याच्याबरोबर पंथभेदाचा जुना प्रश्न बिऱ्हाडात राहावयास येतो. प्रत्येकाचे मत कुठल्या ना कुठल्या पुस्तकातून आलेले आहे आणि प्रत्येकाला ते आपले स्वतःचे वाटते. विशीतल्या वाचनाची ही गंमत अल्-गुसैबींनी फार ममतेने टिपली आहे. ते हसतात, पण हेटाळणी करीत नाहीत. वादविवादाची प्रकरणे थोडी लांबतात, काही पात्रे माणूस होण्यापेक्षा मताचा फलक होऊन बसतात, हे दोषही मान्य केले पाहिजेत. तरी एक पिढी काय वाचून घडली व कशाने भ्रमनिरास पावली, याचे इतके जिवंत चित्र क्वचित सापडते.

पण आपला प्रश्न येथेही विचारला पाहिजे. त्या बिऱ्हाडात स्वातंत्र्य कोणाला आहे? भाडे देणारे चार-पाच तरुण. त्यांचा खर्च घरून येणाऱ्या पैशावर चालतो. स्त्रिया तेथे येतात, प्रेम करतात, निघून जातात. काहींच्या ओठी राजकारण आहे, काहींना स्वतःचा स्वभाव आहे, परंतु कथेचा धागा एकीच्याही हाती फार वेळ राहत नाही. अहमदला निदान परतावे लागले होते आणि परतल्यावर कोणाला तरी उत्तर द्यावे लागले होते. फुआद शेवटी घरी परतत नाही, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेची वाट धरतो. बिऱ्हाड मोडते, हिशेब मात्र पूर्ण होत नाही. स्वातंत्र्य या शब्दाची मौज लेखकाला कळली आहे. त्याच्या खर्चाकडे त्याने अर्धवट पाहिले आहे.

या लेखकाविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण नोकरीनिमित्त आपला मुलूख सोडून राहणाऱ्या वाचकाला त्यात आपलेपणा वाटेल. अल्-गुसैबी हे जन्मभर सरकारी सेवक होते. उद्योग व वीज, आरोग्य, पाणी, श्रम अशी खाती त्यांनी सांभाळली. १९८४ साली आरोग्यमंत्री असताना राजाला उद्देशून लिहिलेली एक कविता त्यांनी वृत्तपत्रात छापली. मंत्रिपद गेले आणि ते राजदूत म्हणून बहरैनला रवाना झाले. पुढे १९९२ पासून दहा वर्षे ते लंडनला होते. आपल्या कादंबरीतील कैरो त्यांनी प्रसिद्ध केले ते या लंडनच्या मुक्कामात. ‘हयात फिल्-इदारा’ या आत्मकथनात त्यांनी दप्तरी आयुष्याचे जे वर्णन केले आहे ते कोणत्याही देशातील अधिकाऱ्याला ओळखीचे वाटावे. आणि विलक्षण गोष्ट ही, की ज्या राज्याचा हा माणूस मंत्री व राजदूत होता, त्याच राज्यात त्याच्या पुस्तकांवर बंदी होती. ती उठली २०१०च्या ऑगस्टमध्ये, त्याच महिन्यात झालेल्या त्यांच्या निधनाच्या काही दिवस आधी. परदेशी शिकणाऱ्या सौदी विद्यार्थ्याला आपल्याच देशाची कादंबरी परक्या शहरातील दुकानात विकत घ्यावी लागे, याचा अर्थ या एका उदाहरणावरून पुरता कळतो. परगावी वाचन का वाढते, याचेही एक कारण त्यात आहे. घरी जे बोलता येत नाही ते बोलणारे कोणी तरी हवे असते, आणि ते पुस्तकात भेटते.

तिसरी कादंबरी रजा अल्-सानेअ यांची ‘बनात अर्-रियाद’, म्हणजे ‘रियाधच्या मुली’. ती २००५ साली बैरूतला प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका पंचविशीच्या आत होती. पुस्तकाची शिफारस करणारा मजकूर लिहिला होता तो याच अल्-गुसैबींनी. चार मैत्रिणींच्या कथा एक निवेदिका दर आठवड्याला संगणकावरून पत्रे पाठवून सांगते, अशी तिची मांडणी आहे. गप्पांची भाषा, घाईघाईने उरकलेली प्रकरणे, जागोजागी डोकावणारी चटकदार विधाने, यांमुळे गंभीर वाचक तिच्याकडे थोडा साशंकतेने पाहतो, आणि शैलीपुरती ही शंका गैरवाजवी नाही. दमनहूरींचा संयम येथे नाही, अल्-गुसैबींची बहुश्रुतताही नाही.

पण यातील गमरा या मुलीची कथा पाहावी. तिचे लग्न रीतसर ठरते. नवरा राशिद शिकागोला उच्च शिक्षण घेत असतो, म्हणून तीही तेथे जाते. नवरा तुटक वागतो. हळूहळू तिला उमगते, की त्याचे प्रेम पूर्वीपासूनच दुसऱ्या एका स्त्रीवर आहे. घरच्यांना ती चालणारी नव्हती, म्हणून त्याने घरच्यांच्या पसंतीची मुलगी पत्करली. पुढे अपमान, माहेरी पाठवणी, घटस्फोट आणि पोटातले मूल. कथानकाची ही रूपरेषा आपण आधी वाचली आहे. तो अहमदचाच त्याग आहे. फरक एवढाच, की या वेळी दिवा दुसऱ्या बाजूला धरला आहे. कुटुंबाचा शब्द पाळणाऱ्या तरुणाचे कौतुक १९५९ साली झाले होते. त्या शब्दाखाली जी चेंगरली तिचे म्हणणे नोंदले जाण्यास २००५ उजाडावे लागले. राशिद आणि अहमद सारखे नाहीत, हे खरे. अहमद सज्जन आहे, राशिद नाही. परंतु सज्जन माणसाच्या घरातही फातिमाला जे कळले असेल ते गमराला शिकागोत कळले, आणि ते सांगावयास तिला शब्द मिळाले. मैत्रिणींपैकी सदीम मोडलेल्या नात्याचे दुःख घेऊन लंडनला जाते व पुस्तकांतून आपल्या दुःखाचा उलगडा शोधते. मिशेल शिक्षणासाठी अमेरिका गाठते. ज्या मुलींच्या आज्यांसाठी शाळा नव्हती त्या आता स्वतः प्रवासाला निघतात, स्वतः वाचतात आणि स्वतः लिहितात. कलेच्या मापाने तिन्हींत ही कादंबरी सर्वांत कच्ची ठरेल. तरी दमनहूरींनी विचारलेल्या प्रश्नाला पुरे उत्तर दिले ते तिनेच.

समीक्षकाला येथे एक कबुली द्यावी लागते. रचनेची सफाई आणि दृष्टीची पूर्णता या दोन गोष्टी एकाच पुस्तकात भेटतील असा भरवसा नसतो. संयमी, घोटीव कादंबरीने जी व्यक्ती दाराआड ठेवली, तिला विस्कळीत, उतावळ्या कादंबरीने बाहेर आणून बसविले. म्हणून पहिलीचा मोठेपणा कमी होत नाही. पण तिच्या शीर्षकातील किंमत या शब्दाचा अर्थ तिसरी वाचल्यावाचून पुरता कळत नाही, एवढे खरे.

परगावी राहणारा माणूस आपल्या एकटेपणाविषयी बराच विचार करतो, आणि बहुधा त्या एकटेपणातच त्याचे उत्तम वाचन घडते. ज्यांना तो मागे ठेवून आला, किंवा ज्यांना बरोबर आणून परक्या भाषेच्या गावी चार भिंतींत बसविले, त्यांचाही एकटेपणा असतो. तो कोणी लिहिला आहे का, हे शोधत वाचावे. या तीन कादंबऱ्या त्या शोधासाठी, आणि याच क्रमाने, वाचण्याजोग्या आहेत.