सिंक चोरणारी पोरं आणि एका रात्रीची नोकरी

दरोड्याच्या सिनेमाचा प्रेक्षकांशी एक अलिखित करार असतो. चोरीचा माल असा हवा की बघणाऱ्यालाही हाव सुटावी. 1951 च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये सोनं आहे, 1955 च्या ‘रिफिफी’त दागिने आहेत. आज आम्ही ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत, त्यात चोरायचं काय, तर स्टेनलेस स्टीलची सिंक. भांडी घासायची, घरोघर असतात ती.

सिनेमाचं नाव ‘दॅट सिंकिंग फीलिंग’. साल 1979, शहर स्कॉटलंडमधलं ग्लासगो, दिग्दर्शक बिल फोर्साइथ. पोटात खड्डा पडतो ना, त्याला इंग्रजीत ‘सिंकिंग फीलिंग’ म्हणतात. म्हणजे विनोद नावातच सुरू झाला. फोर्साइथने आधी ‘ग्रेगरीज गर्ल’ची पटकथा लिहिली होती, पण तिला पैसे मिळेनात. मग जे हाताशी होतं त्यावर हा सिनेमा काढला: काही हजार पौंड, 16 मिलिमीटरचा कॅमेरा आणि ग्लासगो यूथ थिएटरमधली पोरं.

क्लाइड नदीकाठचा जहाजबांधणीचा धंदा उतरणीला लागला होता, तो हा काळ. रॉनी आणि त्याचे मित्र बेकार आहेत. पाऊस पडतोय, कुठे जायचं नाही, खिशात काही नाही. रॉनीने म्हणे जीव द्यायचा प्रयत्नही केला होता, दूध आणि कॉर्नफ्लेक्समध्ये बुडून! आपण हसतो, आणि हसताना लक्षात येतं की या पोराला मरायलाही धड साधन मिळालेलं नाही.

आता चोरीकडे बघा. कुणी रसायनं ढवळून झोपेचं औषध करतो, दोघं बायकांचे कपडे घालून रखवालदाराला गुंतवतात, बाकीचे ओझी वाहतात. आम्हाला हा भाग बघताना सारखं वाटत राहिलं की ही चोरी नाहीच, ही पाळी आहे. रात्रपाळी! कामाची वाटणी आहे, वेळेचं गणित आहे, अवजड माल उचलायचाय. शहराने जे काम या पोरांना दिलं नाही, ते त्यांनी स्वतःच एका रात्रीपुरतं तयार केलं. इतका वेळ पाय ओढत फिरणारी पोरं इथे अंग मोडून राबतात. सिनेमाचा खरा आनंद आम्हाला वाटतं इथे आहे.

आणि म्हणूनच पुढचा फटका जोरात बसतो. ‘लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये प्रश्न असतो सोनं लपवायचं कसं, म्हणून ते वितळवून आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती करतात. इथे प्रश्न उलटा: हे घेणार कोण? मेहनत झाली, माल आला, गिऱ्हाईक नाही. पोरांची जी गत शहरात, तीच सिंकची बाजारात. त्यातून काही माल कलादालनात आधुनिक शिल्प म्हणून खपतो, तेव्हा आपण कलाजगतावर हसतोच. पण किंमत वस्तूत नसते, ती कुठे ठेवली आहे यात असते, हेही फोर्साइथ सांगून जातो. ब्रिटनमध्ये आधीच्या पिढीच्या वास्तववादी सिनेमांना ‘किचन सिंक’ म्हणत. इथे ते सिंक अक्षरशः खांद्यावर घेऊन पळवलंय.

पण आमची एक तक्रार आहे. झोपेच्या औषधाने व्हॅनचा ड्रायव्हर असा झोपतो की उठतच नाही. डॉक्टरांसाठी तो नवलाची वस्तू होतो. गंमत म्हणून हे चालून जातं. पण नीट बघा, चोरीची झळ लागते ती रखवालदाराला आणि ड्रायव्हरला. म्हणजे ज्यांना कशीबशी नोकरी आहे, त्यांना. बेकारांच्या हाताला लागतात ते त्यांच्याच गल्लीतले कामकरी. एवढा कनवाळू सिनेमा या माणसाकडे वळून बघत नाही, हे आम्हाला खटकतं.

शेवटी आवाजाबद्दल. अमेरिकेत दाखवताना ग्लासगोची बोली कळणार नाही म्हणून संवाद सौम्य उच्चारांत पुन्हा डब केले गेले. चेहरे त्याच पोरांचे, आवाज मात्र दुसऱ्यांचे! ज्यांच्याकडे बोलीखेरीज फारसं काही नव्हतं, त्यांची तीही उचलली गेली. या सिनेमाशी निगडित सगळ्यात मोठी चोरी, आमच्या मते, ही. 2014 साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने मूळ आवाजासह प्रत काढली. बघायची तर तीच बघा. सबटायटल लावा, अर्धे शब्द निसटू देत. पण पोरांना त्यांच्या तोंडाने बोलू द्या.