गरम बूट आणि रात्रीचे पाणी

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात काही वर्षांपूर्वी परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतील दोन मुलांनी तिथे मांडलेली एक वस्तू अजून लक्षात आहे. काळा रबरी गमबूट, त्याच्या तळाशी कापडाच्या दोन थरांत शिवलेली नायक्रोमची तार, घोट्याजवळ पट्ट्याने बांधलेल्या डबीत चार पेन्सिल सेल, एक बटण आणि एक लाल दिवा. वर पाटी होती : 'शेतकऱ्यांसाठी ऊबदार बूट'. बटण दाबून आत हात घातला की मिनिटभरात ऊब जाणवे. आम्ही परीक्षकांनी कल्पकता, मांडणी, उपयुक्तता या रकान्यांत भरपूर गुण दिले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

घरी परतताना लक्षात आले, की आपण त्या बुटाचे काहीच तपासले नाही. तो गरम होतो एवढेच पाहिले. हा लेख म्हणजे ती राहून गेलेली तपासणी आहे. मुलांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. त्यांनी निवडलेला प्रश्न त्या सभागृहातल्या बहुतेक वस्तूंपेक्षा खरा होता. उणीव राहिली ती आम्हा मोठ्यांच्या प्रश्नांमध्ये.

प्रश्न कुठून आला?

दोघांचेही वडील शेतकरी. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की गव्हाला, कांद्याला, उसाला पाणी द्यायला रात्री शेतात जावेच लागते. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा दहा अंशांच्या खाली उतरणे नवलाचे नाही. अशा वेळी माणूस अनवाणी, हातात फावडे घेऊन, एक दारे मोडून दुसरे धरत पहाटेपर्यंत चिखलात उभा असतो. मुलांनी हे घरात पाहिले होते.

मी त्यांना विचारले, "वडिलांना घालायला दिला का हा बूट?" एक जण म्हणाला, "नाही सर, चिखलात खराब होईल."

या उत्तराशी मी थांबायला हवे होते. ज्या जागेसाठी वस्तू केली, त्याच जागी ती नेता येत नाही, असे ते मूल प्रामाणिकपणे सांगत होते.

चार सेलमध्ये किती ऊब?

आता थोडा हिशेब करू. आठवी-नववीच्या मुलांना तो सहज जमेल. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास ऊर्जा असते. चार सेलचे झाले १२ वॅट-तास, म्हणजे सुमारे ४३ किलोजूल. तार ५ वॅटने तापत असेल, तर कागदावर हे सेल दोन तास चोवीस मिनिटे चालतील. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण एवढा प्रवाह ओढला की सेलची पूर्ण क्षमता हाती लागत नाही. शिवाय बूट दोन, म्हणजे रोज आठ सेल. पाळी आठ तासांची असेल, तर ऊब पहिल्या चतुर्थांशातच संपणार.

ही ४३ किलोजूल उष्णता किती, हे कळायला पाण्याशी तुलना करावी. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोजूल उष्णता लागते. म्हणजे चारही सेल रिकामे केले तरी फक्त १८ ग्रॅम पाणी वाळेल, साडेतीन चमचे. भिजलेला सुती मोजा याहून कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो. बुटाच्या वरच्या काठावरून एकदा पाणी आत शिरले, की तारेची सगळी मेहनत तो मोजा वाळवायलाही पुरणार नाही.

यातून पायाच्या गारठ्याचे खरे कारण पुढे येते : ओलेपणा. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चोवीस पट आहे. कोरड्या मोज्याच्या धाग्यांत अडकलेली हवा पायाची ऊब राखते. तिच्या जागी पाणी आले, की तोच मोजा ऊब बाहेर नेणारा रस्ता होतो.

पाणी थंड असते का?

मुलांच्या तक्त्यावर लिहिले होते : 'थंडगार पाण्यामुळे पाय गारठतात.' पण थंडीत पहाटे विहिरीवर गेलेल्या कुणालाही विचारा. पाण्यातून वाफा निघत असतात आणि त्यात पाय घातला तर ते कोमट लागते. दख्खनच्या पठारावर जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे साधारण पंचवीस अंश असते. पहाटेच्या हवेपेक्षा ते बरेच उबदार. गारठा सुरू होतो तो ओला पाय बांधावर आल्यावर. वारा लागतो, पाणी उडू लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता पायातूनच जाते. कालव्याचे आणि शेततळ्याचे उघडे पाणी मात्र रात्रीत निवते, तिथे गोष्ट वेगळी.

आठ-दहा रुपयांच्या शोभेच्या दिव्याऐवजी मुलांच्या हाती प्रयोगशाळेतला तापमापक दिला असता, तर हा फरक त्यांनी स्वतः शोधला असता. तो शोध बुटापेक्षा मोलाचा ठरला असता.

दुसरी गोष्ट शरीराची. थंडी वाजू लागली, की शरीर धडाची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. पाय गार पडतात ते याही कारणाने. त्यामुळे डोके, मान, छाती झाकली तर पायांनाही फायदा होतो. रात्री दारे धरणारा म्हातारा डोक्यावरून घोंगडी घेतो, ती एका अर्थाने पाय गरम ठेवण्याचीही युक्ती आहे. तिला सेल लागत नाहीत.

ऊब आणि भाजणे

त्या बुटात तापमान रोखणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. ही गंभीर उणीव आहे. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ४४ अंश सेल्सिअस तापमान सुमारे सहा तास टिकले तरी त्वचा भाजते. तापमान वाढत जाईल तसा हा वेळ झपाट्याने घटतो. गारठलेल्या, बधिर पायाला चटका उशिरा कळतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल, तर कळतच नाही. घरात शेकण्याच्या पिशवीने मधुमेही आजी-आजोबांचे पाय भाजतात ते यामुळेच.

अंगाशी बाळगायच्या उष्णतेचा हा धोका जुना आहे. काश्मिरात फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पोटावर आणि मांड्यांवर त्वचेचा कर्करोग होतो, हे एल्मस्ली या डॉक्टरांनी १८६६ सालीच नोंदवले होते. जपानमध्ये निइची मातोबा यांनी १९२३ साली प्लॅटिनमच्या साहाय्याने इंधनाची वाफ ज्योतीशिवाय जाळणारी खिशातली शेगडी बाजारात आणली. पुढे लोखंडाच्या भुकटीच्या पुड्या आल्या. दहा ग्रॅम लोखंड पूर्ण गंजले तर सुमारे ७० किलोजूल उष्णता मिळते, आपल्या चार सेलपेक्षा जास्त! पण गंजायला हवा लागते. बंद, ओल्या बुटात ती पुडी गुदमरते, आणि एकदा वापरली की टाकूनच द्यावी लागते. प्रत्येक उपायाची अशी एक बाजू असते. ती मांडणे हाही प्रकल्पाचा भाग आहे.

मग करायचे काय?

साधा, गुडघ्याला लागेल एवढा उंच गमबूट आणि आत कोरडा लोकरीचा मोजा, बरोबर बदलायला दुसरा जोड, हा उपाय तारेपेक्षा सरस आहे. काटे आणि सापापासूनही थोडे संरक्षण मिळते. मग शेतकरी तो का घालत नाहीत? काळ्या चिकण मातीत बूट रुततो, तळव्याला चिखलाचा थर चढतो, पाऊल उचलताना बूट मागेच राहतो. म्हणून लोक अनवाणी उतरतात. चिखलात न रुतणारा तळवा कसा असावा, हा या प्रकल्पाचा खरा अभियांत्रिकी प्रश्न होता. गुळगुळीत फरशीवरच्या टेबलावर तो कधीच दिसला नसता.

याहून मोठा प्रश्न मुलांच्या पाटीत होताच : शेतकऱ्याने रात्रीच का जावे? पाय गरम करण्यापेक्षा वीज दिवसा देणे हा मुळावरचा इलाज. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (२०१७) एक पथदर्शी प्रकल्प याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला उभा राहिला. सूर्यप्रकाशावरची वीज दिवसाच तयार होते, म्हणून पंपही दिवसा चालवता येतो. जिथे ती पोचली तिथे या बुटाची गरजच उरत नाही. जिथे पोचायची आहे तिथे मात्र पाय आजही ओले आहेत, म्हणून दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

वर्गात करण्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. एक : दोन सारख्या बाटल्यांत सदतीस अंशांचे पाणी भरा. एकीवर कोरडा, दुसरीवर ओला मोजा चढवा. पंख्यासमोर ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. दोन : गावातली विहीर, कालवा आणि शेततळे यांच्या पाण्याचे व हवेचे तापमान संध्याकाळी आणि पहाटे मोजा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन.

आणि परीक्षकांसाठी एक विनंती. गुणांच्या कागदावर रकाना नसला तरी प्रत्येक टेबलापाशी विचारावे : ज्याच्यासाठी ही वस्तू केली, त्याने ती वापरून पाहिली का? तो काय म्हणाला? त्या दिवशी मी हा प्रश्न अर्धाच विचारला. उत्तर मिळाले होते, पण ते मी गुणांत धरले नाही.