न्यायासन आणि साक्षीदाराचा पिंजरा

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (प्रथम प्रयोग १९६७) या नाटकावरील चर्चेत काशीकर हे पात्र बहुधा ‘दांभिक’ या एका विशेषणात निकालात काढले जाते. हा निकाल घाईचा आहे. तिसऱ्या अंकात काशीकर न्यायासनावरून उठतात, पिंजऱ्यात जाऊन बेणारेविरुद्ध साक्ष देतात आणि पुन्हा न्यायासनावर येऊन बसतात. दांभिक माणूस निदान आपला पक्षपात झाकतो. काशीकरांना येथे झाकण्यासारखे काही दिसतच नाही. न्यायाधीश असणे म्हणजे त्या खुर्चीत बसणे, एवढीच त्यांची समजूत आहे. (त्यांच्या कानकोरण्याकडे आपण केवळ विनोद म्हणून पाहतो, हेही नवलच.)

खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील (१९०९) रामशास्त्री येथे आठवतात. १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांजवळ ते अमलात आणण्याची सत्ता नव्हती. त्यांनी पद सोडले. निर्णयाची किंमत निर्णय देणाऱ्यानेच मोजली. काशीकरांना मात्र काहीच मोजावे लागत नाही. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला त्यांचा खटला गर्भ नष्ट करण्याच्या आज्ञेने संपतो आणि न्यायासनाला त्यात विसंगती जाणवत नाही.

परंतु खरी अडचण बेणारेच्या स्वगताशी सुरू होते. तिला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. ती बोलते तेव्हा रंगमंचावरील सारे थिजलेले असतात. तिचे म्हणणे ऐकतो तो केवळ प्रेक्षक, आणि त्याच्याजवळ हातोडा नाही. समीक्षक या प्रेक्षकांतच बसलेला असतो. पण लिहू लागला की तो स्वतःच्या अभिरुचीची साक्ष काढतो आणि लगेच खुर्चीत परतून तिलाच पुरावा मानतो. ‘मूल्यनिर्णय’ हा आपल्या परिभाषेतील भारदस्त शब्द या ये-जा करण्याला पुष्कळदा आडोसा देतो. समीक्षकाने साक्ष देऊच नये, असे मी म्हणत नाही. साक्षीशिवाय आस्वाद संभवत नाही. आपण या क्षणी कोठे उभे आहोत, एवढे त्याने वाचकाला कळू द्यावे.

‘बेणारे दोषी आहे काय? साधार चर्चा करा,’ हा प्रश्न मीही वर्षानुवर्षे घातला आहे. एका विद्यार्थिनीने उत्तरादाखल विचारले होते, की हा खटला पुन्हा चालवण्याचा अधिकार प्रश्नपत्रिकेला कोणी दिला? खाली तिने दुसरे काही लिहिले नव्हते. समासात गुणांचा आकडा लिहिताना माझी लेखणी बराच वेळ थांबली होती.