‘म्हणे’ आणि साहसाचा गळ

मेजाभोवती बसलेल्या चार-पाच जणांनी एकेक पात्र घ्यावयाचे, सूत्रधाराने जग मांडावयाचे आणि संभाषणातूनच कथा घडवावयाची, हे भूमिका-खेळाचे स्वरूप. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ साली तो रूढ केला. पात्रांना साहसास प्रवृत्त करणाऱ्या आरंभास त्या खेळाच्या परिभाषेत ‘हुक’, म्हणजे गळ, म्हणतात. फासे वगळता या खेळाचे साधन भाषा हेच असल्यामुळे गळाची परीक्षा भाषेच्या अंगाने होणे युक्त आहे.

गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (१९७९) या साहसपुस्तिकेत वीस अफवांची यादी आहे. काही खऱ्या, काही खोट्या. फासा टाकून ज्याच्या वाट्यास जी येईल ती त्याची. त्यांपैकी एक अफवा भाषाभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे: ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘आम्ही शरण आहो’. वस्तुतः ती त्यांची धोक्याची हाक आहे. चुकीच्या भाषांतरावर विसंबणारा येथे प्राणास मुकतो. गळ म्हणजे आज्ञा नव्हे, पारखून घ्यावयाचे विधान होय, हे या यादीने दाखविले. तिचे उणेपण असे की, अफवा फाशातून येते, मुखातून येत नाही. सांगणारा कोण हे ठाऊक नसेल तर ऐकणाऱ्याने खरेखोटे तोलावे कशाने?

मराठीत या कामी ‘म्हणे’ हे अव्यय सिद्धच आहे. ‘म्हणतात’ या रूपात बोलणारे अनेकजण अध्याहृत असतात. वाक्याच्या शेवटी येणारे ‘म्हणे’ लिंग-वचनाने विकारत नाही, विधानाची जबाबदारी वक्त्यावरून काढून घेते आणि संशयाची किंचित छटाही ठेवते.

चेंबूरचेच उदाहरण घेऊ. तेथील आर. के. स्टुडिओ १९४८ मध्ये स्थापन झाला, २०१७ च्या आगीत त्यातील चित्रपटांचे पोशाख जळाले, आणि २०१९ मध्ये ती जागा विकली गेली. यावर ‘तुम्ही स्टुडिओत जाऊन पेटी शोधून आणा’ असा गळ रचला, तर खेळाडूंस पाळणे किंवा मोडणे एवढेच उरते. ‘आगीतून एक पेटी वाचली म्हणे’ असे म्हटले की कोणी वाचविली, कोणी पाहिली, सांगणाऱ्याचा हेतू काय, हे प्रश्न खेळाडूच विचारू लागतात. हेच वाक्य जुन्या प्रकाशयोजकाच्या तोंडी घातले तर एक वजन, स्थानकाजवळच्या पानवाल्याच्या तोंडी घातले तर दुसरे. फाशाच्या यादीत हा भेद येत नाही.

उत्तराच्या अंगानेही मराठी समर्थ आहे. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावतो. एखादा खेळाडू इतरांकडे वळून ‘आपण जाऊन पाहू या’ म्हणतो, तेव्हाच गळ लागला असे समजावे. तोवर ते सूत्रधाराचे एकट्याचे भाषण असते.

म्हणून मराठीतून हा खेळ मांडणाऱ्याने इंग्रजी पुस्तिकांतील आज्ञार्थ जसाच्या तसा उचलू नये. मासे धरण्याच्या गळात फसवणूक आहे; मराठीतील ‘गळ घालणे’ या प्रयोगात आग्रह आहे, आणि तो नाकारण्याची मुभा समोरच्यास राहते. या खेळात खेळाडूचे स्वातंत्र्य टिकते की नाही, हे पुष्कळ अंशी त्या मुभेवर अवलंबून आहे.