पादुका आणि पादत्राण : दुर्मीळतेचे दोन निकष

संख्येने थोडी असलेली वस्तू दुर्मीळ, असे आधुनिक फॅशनव्यवहार मानतो. तंजावर परिसरातील साहित्यपरंपरेचा निकष वेगळा आहे. कंबन कावेरीखोऱ्यातल्या तेरळुंदूरचा. त्याच्या तमिळ रामायणातही भरत रामाच्या पादुका शिरी धारण करतो. याच नदीकाठी, श्रीरंगम येथे, वेदान्तदेशिकांनी रंगनाथाच्या पादुकांवर १००८ श्लोकांचे ‘पादुकासहस्र’ संस्कृतात रचले. मराठी राजवटीत तंजावर प्रांतात रुजलेल्या रामदासी मठांनी पादुकापूजेला मराठी भक्तीचे अधिष्ठान दिले. तिन्ही भाषांत पादुका अनन्य ठरते ती चरणस्पर्शाने. जोड किती, हा प्रश्नच तेथे संभवत नाही.

मात्र या गौरवात पादुका घडवणाऱ्याला वाटा नाही. हेच मौन आधुनिक व्यवहारातही आढळते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसदृश चपला सादर केल्या, तेव्हा उगमाचा उल्लेख नव्हता. कोल्हापुरीला तर २०१९ मध्येच महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले होते. आक्षेपांनंतर प्राडाने भारतीय प्रेरणा मान्य केली. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन राज्यांत २,००० जोड घडवून प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याची योजना जाहीर झाली.

पादुकेचे मोल धारकाच्या नावाने ठरते, मर्यादित आवृत्तीचे विक्रेत्याच्या. दोन्हींत चर्मकार वा सुतार निनावीच राहतो. पादुकाकाव्याचा तौलनिक अभ्यास चरणांपाशी न थांबता त्या हातांपर्यंत जाईल, तरच दुर्मीळतेची मीमांसा पूर्ण होईल.