विम्बल्डनचा अंतिम सामना आणि रसिकाचा पक्षपात

नाटकाचे परीक्षण होते, गाण्याच्या मैफलीचे होते, क्वचित कीर्तनाचेही होते. मग खेळाच्या सामन्याचे का होऊ नये? असे कोणी विचारले तर ठरावीक उत्तर मिळते. नाटकाला कर्ता असतो, गायनाला राग असतो. खेळाला असतो तो केवळ निकाल, आणि निकालाची बातमी होते, समीक्षा होत नाही. हे उत्तर मलाही पुष्कळ वर्षे पटत होते. १४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डन येथे रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच यांच्यात झालेला पुरुष एकेरीचा अंतिम सामना पाहिला आणि ते पटेनासे झाले. मात्र ह्या लेखात परीक्षण आहे ते त्या दोघांच्या खेळाचे थोडे, आणि तो पाहणाऱ्याचे अधिक. पाहणारा मीच असल्यामुळे आरोपी शोधण्यास दूर जावे लागत नाही.

विम्बल्डनची स्पर्धा हा पंधरवड्याचा उत्सव असतो. आरंभी १२८ खेळाडू उतरतात. एकदा हरला तो बाहेर पडला. अशा सात फेऱ्या जो ओलांडतो तो विजेता. म्हणजे एका विजेत्यासाठी १२७ पराभव घडावे लागतात. एखाद्या खेळाडूचा भक्त लढतींचा तक्ता हाती घेतो, तेव्हा त्याला ह्यांतले काही दिसत नाही. त्याचे बोट फिरते ते आपल्या खेळाडूच्या वाटेवरून. बाकीचे सारे त्या वाटेतले दगडधोंडे. त्या वर्षी मी हेच केले. फेडररने पहिल्याच फेरीत लॉइड हॅरिसविरुद्ध पहिला सेट गमावला, तेव्हा माझे जेवणात लक्ष लागेना. उपान्त्यपूर्व फेरीत केई निशिकोरीला हरवून त्याने विम्बल्डनवरील आपला शंभरावा विजय मिळवला, तो जणू आमच्याच घरचा कार्यसोहळा वाटला. उलट, अर्जेंटिनाच्या गिडो पेलाने चौथ्या फेरीत मिलोस राओनिचविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही पाचव्या सेटमध्ये ८-६ असा विजय खेचून आणला. त्या पंधरवड्यातील ही एक उत्तम कथा. तिची एक ओळ मी वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले.

उपान्त्य सामन्यांचा शुक्रवार, १२ जुलै, हा आषाढी एकादशीचा दिवस होता. संध्याकाळी देवळात भजन होते. ते आटोपून घरी येईपर्यंत जोकोविच आणि रोबेर्तो बाऊतिस्ता आगूत यांचा सामना संपला होता. तो हुकला ह्याची मला तिळमात्र हळहळ वाटली नाही. जोकोविच जिंकला एवढे कळले, ते पुरेसे होते. त्यानंतर फेडरर आणि राफाएल नदाल यांचा सामना मात्र मध्यरात्रीपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहिला. फेडरर चार सेटांत जिंकला आणि माझ्या दृष्टीने स्पर्धा तेथेच सुफळ संपूर्ण झाली. अंतिम सामन्यात समोर कोण येणार, हा केवळ उपचार उरला. माझा दोष येथून सुरू होतो. ज्याचा खेळ पंधरवडाभर एकदाही नीट पाहिला नव्हता, त्याच्याविषयी माझे मत मात्र पक्के झालेले होते.

आता अंतिम सामन्याकडे वळू. ज्यांना टेनिसचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. गुणांचा गेम होतो, गेमांचा सेट होतो, आणि पाचांपैकी तीन सेट जिंकणारा सामना जिंकतो. दोघेही सहा-सहा गेमांवर आले की टायब्रेक होतो. त्यात किमान दोन गुणांची आघाडी राखून सात गुण प्रथम मिळवणाऱ्याला सेट मिळतो. पाचव्या सेटमध्ये मात्र त्या वर्षी विम्बल्डनवर टायब्रेक बारा-बारा गेमांनंतर होता. २०१८ च्या उपान्त्य फेरीत केविन अँडरसन आणि जॉन इस्नर यांचा पाचवा सेट २६-२४ असा लांबून तो सामना ६ तास ३६ मिनिटे चालला होता. त्यानंतर ही मर्यादा घालण्यात आली.

फेडररचे वय त्या वेळी ३७ होते, जोकोविचचे ३२. सामना ४ तास ५७ मिनिटे चालला. विम्बल्डनच्या इतिहासातील तोवरच्या एकेरीच्या सर्व अंतिम सामन्यांहून तो दीर्घ ठरला. जोकोविच ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जिंकला. ह्या निकालाच्या पोटात दडलेले आकडे मोठे विलक्षण आहेत. फेडररने एकूण २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. फेडररचे विजयी फटके ९४, जोकोविचचे ५४. बिनतोड सर्व्हिस फेडररच्या २५, जोकोविचच्या १०. फेडररने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस सात वेळा भेदली, जोकोविचने तीनच वेळा. ह्या साऱ्या मोजमापांत जो पुढे, तो हरला. फेडररच्या भक्तांनी त्या रात्रीपासून हेच आकडे जपमाळेसारखे ओढले आहेत, आणि त्यांत माझाही हात होता.

पण हा युक्तिवाद मुळातच फसवा आहे. टेनिसची रचना बेरजेवर उभारलेली नाही. ६-१ ने जिंकलेला सेट आणि ७-६ ने जिंकलेला सेट यांची किंमत सारखीच. गायक आवर्तनभर कितीही लखलखीत ताना घेवो, समेवर तो कसा येतो ह्यावरून जाणकार मान डोलावतात. टेनिसमध्येही अशा समा ठरलेल्या आहेत. त्या दिवशी तीन टायब्रेक ह्या तीन समा होत्या, आणि तिन्ही जोकोविचने जिंकल्या. पहिल्या टायब्रेकमध्ये फेडरर ५-३ असा पुढे असताना जोकोविचने सलग चार गुण घेतले. तिन्ही टायब्रेक मिळून जोकोविचच्या नावावर स्वतःहून केलेली एकही चूक नोंदली गेली नाही. ज्याला आम्ही दैवयोग म्हणत होतो, त्यात एवढी शिस्त होती.

पाचव्या सेटमधील तो प्रसंग आता सर्वज्ञात आहे. सात-सात असताना फेडररने जोकोविचची सर्व्हिस भेदली आणि तो ८-७ असा पुढे गेला. बाजू बदलण्याच्या त्या अल्पशा विश्रांतीत मी बडोद्याच्या थोरल्या बंधूंना फोन केला.

“दादा, आता झालंच म्हणायचं.”

“अरे, चार गुण अजून व्हायचेत. आधी बघ, मग बोल.”

फेडररने ४०-१५ अशी आघाडी घेतली. दोन गुणांपैकी एक मिळाला की नववे जेतेपद. सेंटर कोर्टवरील प्रेक्षकांत कोणी एक बोट उंचावून ‘आता एकच’ असे सुचवीत होते. पहिल्या संधीला फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्या संधीला तो जाळीकडे धावला आणि जोकोविचने फोरहँडचा तिरपा फटका त्याच्या आवाक्याबाहेरून काढला. पुढे सर्व्हिसही गेली, आठ-आठ झाले, आणि बारा-बारानंतरच्या टायब्रेकमध्ये सामना संपला. अंतिम सामन्यात जेतेपदाचा गुण वाचवून विम्बल्डन जिंकण्याचा पराक्रम पुरुष एकेरीत त्यापूर्वी १९४८ मध्ये बॉब फाल्केनबर्गने केला होता. दादांना मी पुन्हा फोन केला नाही.

मागाहून पुष्कळांनी नियमालाच दोष दिला. त्याच रविवारी लंडनमध्येच लॉर्ड्सवर विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना बरोबरीत सुटून अखेर चौकार-षटकारांच्या मोजणीवर इंग्लंडला मिळाला होता, त्यामुळे नियमांवर राग काढण्याची हवाच होती. क्रिकेटमधील तो नियम त्याच वर्षी बदलला गेला. बारा-बाराचा टायब्रेकही २०२२ मध्ये गेला; चारही प्रमुख स्पर्धांत शेवटच्या सेटमध्ये सहा-सहानंतर दहा गुणांचा टायब्रेक आला. पण फेडररला नियमाने हरवले नाही. नियम आडवा येण्यापूर्वीच त्याच्या हाती दोन संधी आल्या होत्या.

मग प्रश्न उरतो तो पाहणाऱ्याचा. २०२० मध्ये महामारीमुळे विम्बल्डन स्पर्धा रद्द झाली. ते रिकामे दिवस कसे घालवावे म्हणून मी हा सामना पुन्हा लावला, आणि ह्या खेपेस आवाज बंद ठेवला. निकाल ठाऊक होता, त्यामुळे धाकधूक नव्हती. आपल्या देवळांच्या उत्सवांतील नाटके आपण अशीच पाहत आलो आहोत. कंस मरणार हे सभामंडपातील पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही कंसाचे काम करणारा नट कसलेला असला, तर त्याचे नाव वर्षभर गावात घेतले जाते. कंसाला दाद दिली म्हणून कृष्णावरची भक्ती उणी होते, असे आपल्या वाडवडिलांना कधी वाटले नाही. हा साधा संस्कार मी विम्बल्डनपाशी कसा विसरलो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आवाज बंद होताच मला दुसरा सामना दिसला. फेडररचे सौंदर्य देण्याचे आहे. फटका सुटतो तोच डोळे निवतात. जोकोविचचे सौंदर्य नाकारण्याचे आहे. जो चेंडू संपला असे आपण धरून चालतो, तो तो संपू देत नाही. ज्या सर्व्हिसवर इतरांची रॅकेट केवळ हवेत फिरते, ती तो खोलवर परत धाडतो. ही कला उशिरा कळते, कारण तिची खूण फटक्यात नसून पुढच्या माणसाच्या अवघडलेपणात असते. आमच्या क्रीडालेखकांनी फेडररला कवी म्हटले आणि जोकोविचला यंत्र. पहिले विशेषण प्रेमातून आले असेल. दुसरे मात्र न पाहण्याच्या आळसातून आले आहे. १९९९ मध्ये बेलग्रेडवर बॉम्बवर्षाव होत असताना बालवयातही ज्याने सराव सोडला नाही, आणि त्या रविवारी स्टेडियम ‘रॉजर’ असा घोष करीत असता आपण तो मनातल्या मनात ‘नोव्हाक’ असा ऐकत होतो असे ज्याने पुढे सांगितले, त्याला यंत्र म्हणणे ही समीक्षा नव्हे. यंत्राला घोष ऐकू येत नाही, आणि तो पालटून घेण्याची गरजही पडत नाही.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगितली आहेत. त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन जाणे, हे एक विघ्न आहे. सेंटर कोर्टवरचे सुमारे पंधरा हजार प्रेक्षक आणि माझ्यासारखे घरोघरचे असंख्य, त्या दिवशी ह्याच विघ्नाने ग्रासले होते. जोकोविचची पहिली सर्व्हिस चुकली की टाळ्या पडत. चुकीला टाळी देणे ही रसिकतेची रीत नव्हे. प्रतिस्पर्ध्याची चूक हा आपल्या खेळाडूचा गुण असतो खरा, पण ती त्याची कला नसते.

तर मग रसिकाने पक्षच घेऊ नये काय? असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याला कोणीही जिंकले तरी चालेल, तो पाच तास जागचा न हलता बसत नाही. पक्षपाताने आपण खेळाच्या दाराशी येतो, आणि त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक आपले स्वत्व न सोडताही दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो आणि त्या दुहेरी अवस्थेतच त्याला आनंद मिळतो, असा तिचा आशय. काव्याविषयी सांगितलेले हे सूत्र खेळाच्या प्रेक्षकालाही लागू पडते, किंबहुना त्याची कसोटी येथेच अधिक कठोर होते. आवडत्या नायकाशी समरस होणे सोपे. जो आपल्या आवडत्याला हरवीत आहे त्याच्या मनगटात, त्याच्या श्वासात क्षणभर शिरणे, आणि तरीही आपला पक्ष न सोडणे, हे अवघड. जो प्रेक्षक एवढे करू शकतो, त्याला सामना पूर्ण मिळतो. मला त्या रात्री अर्धाच मिळाला होता, आणि दुसरा अर्धा माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी तो घेतला नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये लंडन येथे फेडरर आपला अखेरचा सामना खेळला. दुहेरीत नदाल त्याचा जोडीदार होता. ते दोघे हरले, आणि नंतर शेजारी बसून दोघेही रडले. पंधरा-सोळा वर्षे ज्याच्याविरुद्ध लढलो त्याच्या जाण्याने माणूस असा रडतो, हे पाहून आमच्या घरातही कोणी बोलले नाही. त्या संघात जोकोविचही होता. २०१९ मध्ये असतो तर त्याच्याकडे माझे लक्षही गेले नसते. ह्या वेळी मी त्याला गर्दीतून शोधून काढले. तो फेडररकडे पाहत होता. मी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले, आणि मग बडोद्याला फोन लावला.