चारचौघांतील औषध

वैद्यानें लिहिलेली कादंबरी हातीं घेतांना वाचकाच्या मनांत दोन शंका असतात. वैद्यक खरें असेल तर कथा रुक्ष निघणार, आणि कथा रंगली असेल तर वैद्यकांत पाणी पडलेलें असणार. स्टॅनफर्ड विद्यापीठांत मानसोपचाराचे प्राध्यापक म्हणून काम केलेले डॉ. अर्विन यालोम यांची ‘द शोपेनहॉवर क्युअर’ ही कादंबरी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या बाबतींत या दोन्ही शंका अंशतः खऱ्या ठरतात. आणि तरीही आमच्या वाचकांनीं ती अवश्य वाचावी असें आम्हांस वाटतें. तिच्यांत मांडलेला प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोचा आहे तितकाच आमच्या माजघराचाही आहे. मनाचें दुखणें चारचौघांत बोलून बरें होतें काय? आणि तेंही घरच्या चारचौघांत नव्हे, तर सर्वस्वीं परक्या अशा माणसांत?

सामुदायिक मानसोपचाराचा हा मार्ग तसा जुना आहे. १९०५ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ प्रॅट यांनीं गरीब क्षयरोग्यांचे वर्ग भरविण्यास आरंभ केला. हेतु एवढाच होता कीं, पथ्यपाणी प्रत्येकाला निराळें समजावीत बसण्याऐवजीं सर्वांना एकत्र सांगावें. परंतु एकमेकांच्या सहवासानेंच रोग्यांना धीर येतो, असें तेथें दिसून आलें. पुढें १९३४ सालापासून न्यूयॉर्कमध्यें सॅम्युएल स्लॅवसन यांनीं लहान मुलांचे गट चालविले. त्यांत उपदेश नव्हता कीं प्रश्नोत्तरें नव्हतीं. लाकूड, रंग, हत्यारें मुलांच्या स्वाधीन करावयाचीं, आणि न रागावणारा एक मोठा माणूस खोलींत हजर ठेवावयाचा, एवढाच उपचार. (न रागावणारा मोठा माणूस हें औषध आमच्याकडे फारसें प्रचारांत नाहीं!) यालोम यांनीं १९७० सालीं या विषयावर एक मोठा पाठ्यग्रंथ लिहिला. समूहानें माणूस कां बरा होतो, याचीं कारणें त्यांत सांगितलीं आहेत. त्यांपैकीं दोन आम्हांस महत्त्वाचीं वाटतात. आपलें दुःख जगावेगळें नाहीं हें माणसाला तेथें प्रत्यक्ष दिसतें, हें एक. आणि असा समूह हें जणूं दुसरें कुटुंब बनून पहिल्या कुटुंबांत बिघडलेलें वळण तेथें पुन्हां उमटतें व दुरुस्त होऊं शकतें, हें दुसरें.

आतां कथा पाहूं. ज्युलियस हर्ट्झफेल्ड या पासष्ट वर्षांच्या मानसोपचारतज्ज्ञाला त्वचेचा कर्करोग झाल्याचें कळतें. धडधाकटपणें काढावयास जेमतेम एक वर्ष हातीं आहे. आपल्या हातून कोण बरें झालें आणि कोण नाहीं, याचा हिशेब मांडतांना त्याला फिलिप स्लेट आठवतो. हा विषयलंपट रसायनशास्त्रज्ञ त्याच्याकडे तीन वर्षें येत होता, आणि गुण कांहींच आला नव्हता. शोध घेतां कळतें कीं, फिलिप पुढें बरा झाला तो शोपेनहॉवरचे ग्रंथ वाचून. आतां त्याला स्वतःच तत्त्वज्ञानाच्या आधारें लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय करावयाचा आहे, व त्यासाठीं ज्युलियसचें मार्गदर्शन हवें आहे. ज्युलियस अट घालतो: सहा महिने माझ्या मंडळांत येऊन बस.

या अटींतूनच कादंबरी जन्मास येते. मंडळांतील माणसें एरवीं फार ठळक नाहींत. रिबेका ही सौंदर्य ओसरूं लागलेली वकील. टोनी हा कमी शिकलेला सुतार. स्टुअर्ट हा बालरोगांचा डॉक्टर. बॉनी ही स्वतःला कुरूप समजणारी ग्रंथपाल. पत्नीविषयींच्या तक्रारी मंडळापुढें मांडणारा गिल आपलें मद्यपान मात्र लपवून ठेवतो. हीं पात्रें उदाहरणादाखल घडविलेलीं आहेत हें लपत नाहीं. पण तीं वर्तुळांत बसून बोलूं लागलीं कीं पुस्तक एकदम सजीव होतें. असें कां व्हावें?

आमच्या मतें याचें कारण उपचाराच्या एका नियमांत आहे. मागच्या आयुष्याच्या कहाण्या सांगत बसूं नये; समोरच्या माणसाविषयीं या क्षणीं काय वाटतें तें बोलावें, असा या मंडळांचा दंडक असतो. गिलची बायको मंडळाला दिसत नाहीं. पण गिल रिबेकाशीं कसा वागतो हें सर्वांना दिसतें, आणि घरीं काय होत असावें तें तेवढ्यावरून कळतें. नाटककाराचा नियम तरी याहून निराळा कोणता? रंगभूमीवर घडेल तेंच खरें, पडद्यामागचें वर्णन कितीही सुरस असलें तरी उसनें. फिलिप बोलतांना कोणाकडे पाहत नाहीं, छताकडे पाहतो. ही एक लकब त्याच्या साऱ्या पूर्वचरित्राहून अधिक सांगून जाते.

हाच नियम लेखकानें इतरत्र मोडला आहे, आणि तेथें तेथें पुस्तक बसकण मारतें. मधूनमधून शोपेनहॉवरच्या चरित्राचीं प्रकरणें घातलीं आहेत: १७८८ सालचा डान्झिगमधील जन्म, बापाचा संशयास्पद मृत्यु, कादंबरीकर्त्या आईशीं वैर, फ्रँकफुर्टमधील एकाकी जिणें आणि सोबतीला कुत्रा. आपल्या कुत्र्यांना ‘आत्मा’ हें नांव देणारा हा पुरुष उपनिषदांचें लॅटिन भाषांतर वाचून थक्क झाला होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पण या प्रकरणांचा रोख असा दिसतो कीं, आईची माया मिळाली असती तर हें तत्त्वज्ञान जन्मासच आलें नसतें. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. इच्छा हेंच दुःखाचें मूळ, हें म्हणणें खरें असेल वा खोटें असेल. म्हणणारा पोरका होता एवढ्यानें तें खोटें ठरत नाहीं. फिलिपला अखेर रडूं कोसळतें तेव्हां फिलिप मोकळा होतो, शोपेनहॉवर पराभूत होत नाहीं. लेखकानें या दोहोंची गल्लत केली आहे.

तत्त्वज्ञानाच्या विरुद्ध खरा पुरावा पुस्तकांत आहे, पण तो दुसऱ्या ठिकाणीं. ज्युलियसचा आजार कळल्यावर फिलिप त्याला आपल्या व्याख्यानास बोलावतो आणि टॉमस मानच्या ‘बुडनब्रुक्स’ या १९०१ सालच्या कादंबरीचा आधार घेतो. तिचा नायक मरणाच्या उंबरठ्यावर शोपेनहॉवर वाचतो व त्याला शांति लाभते, तो हा प्रसंग. सांत्वन मोठें, उतारा अचूक. आणि ज्याच्यासाठीं तो वाचला त्याच्या मनाला त्याचा स्पर्शही होत नाहीं. विद्या आहे, पण समोर माणूस बसला आहे याची जाणीव नाहीं! आम्हां अध्यापकांना हें पान वाचून अस्वस्थ वाटल्यावांचून राहत नाहीं.

मराठी वाचक विशेष उत्सुकतेनें पाहील तो भाग इगतपुरीचा. मंडळांतील पॅम ही साहित्याची प्राध्यापिका मनांतून हटत नसलेल्या विचारांपासून सुटका व्हावी म्हणून श्री. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना केंद्रांत येते. तेथें १९७६ पासून शिबिरें होत आली आहेत. दहा दिवसांच्या शिबिरांत जवळजवळ अखेरपर्यंत मौन पाळावें लागतें. पॅमला शांति मिळते, पण तिची किंमत तिला फार वाटते. जगण्यांतली ऊब गमावून मिळालेली स्वस्थता तिला नको आहे. लेखकानें येथें एक उत्तम विरोध हातीं धरला होता. एका दालनांत शेंकडों माणसें शेजारीं शेजारीं बसून बोलत नाहींत. दुसऱ्यांत सातआठ माणसें दीड तास बोलण्यावांचून दुसरें कांहींच करीत नाहींत. आणि दोन्हीकडे दावा एकच. पण हा विरोध खोलवर न नेतां पॅमला त्यानें लगबगीनें परत नेलें आहे. कारण कथेला तिची घाई आहे: विद्यार्थिदशेंत तिला फसविणारा मनुष्य हाच फिलिप होय, हें तिला मंडळांत पाऊल टाकतांच कळावयाचें असतें.

आमच्याकडे असल्या मंडळांची गरज नाहीं, एकत्र कुटुंब हेंच आमचें मंडळ होतें, असें म्हणणारे वाचक भेटतील. त्यांना आम्ही विचारतों, त्या घरांत बोलत कोण होतें? दहा माणसें एका पंक्तीस जेवत, आणि सुनेचें दुःख पहाटे जात्याला सांगितलें जाई. जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसलेली जाऊ तें ऐके व पुढची ओवी म्हणे. यालोम यांचीं दोन्ही कारणें तेथें कांहीं अंशीं सांपडतील. पुरुषांना तेवढाही आसरा नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हें आमचें ब्रीद. आणि मूठ उघडायची ती परक्यांपुढें, म्हणजे घरचें चव्हाट्यावर नेणेंच कीं! पण परकेपणा हाच येथें गुण आहे. सासू, दीर, शेजारी यांना आपल्या बोलण्याचा उद्यां उपयोग करतां येतो. मंडळांतल्या सुताराला तो करावयाचें कारण नाहीं. दारू सुटावी म्हणून भरणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा महाराष्ट्रांतही होतात, तेथें माणसें आडनांव न सांगतां बोलतात, तीं याच कारणानें. ज्या गांवांत आडनांवावांचूनही माणूस ओळखूं येतो, तेथें हा उपचार कसा रुजावा, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिचें उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या कादंबरींत शोधण्यांत अर्थ नाहीं.

शेवटाविषयीं थोडें. ज्युलियस मरतो तो गाजावाजा न होतां, आणि तें फार चांगलें साधलें आहे. पण तीन वर्षांनंतरचें एक प्रकरण जोडून लेखकानें फिलिपला मंडळाचा चालक व टोनीला त्याचा साथीदार करून टाकलें आहे. टोनीचें आम्हांस पटतें. तो पहिल्या बैठकीपासून समोरच्याच्या डोळ्यांस डोळा देऊन बोलणारा आहे. फिलिपला मात्र आम्हांस अजून कांहीं दिवस त्याच वर्तुळांत, साध्या खुर्चीवर बसलेला पाहावयास आवडलें असतें.